रिया मला दिसलीच नव्हती

पहिल्यांदा 'मान्सून वेडिंग' पाहिला तेव्हा रिया मला दिसलीच नव्हती. पडद्यावर ती होती. तेव्हाच्या शेफाली शेट्टीचे, म्हणजे आताच्या शेफाली शाहचे ते डोळे कोण विसरेल? पण थिएटरातून बाहेर पडताना माझ्या डोक्यात होता तो झेंडू, तो ढोल आणि शेवटी सगळं वऱ्हाड चिंब होऊन नाचतं तो पाऊस. रिक्षात आम्ही तिघी मैत्रिणी घरी पोचेपर्यंत गात होतो. रियाबद्दल एक वाक्यसुद्धा कुणी बोललं नाही.

2001 साल संपत आलं होतं. मी 24 वर्षांची. दिल्लीत एका छोट्या प्रकाशनात नोकरी करायचे आणि लाजपतनगरमध्ये एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहायचे. दिल्लीत अशा खोलीला बरसाती म्हणतात. मीरा नायरच्या या सिनेमाला त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात 'गोल्डन लायन' मिळाला होता. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'ला 1957 साली तो मिळाला, त्यानंतर भारतीय दिग्दर्शकाच्या वाट्याला थेट हाच. वर्तमानपत्रांत त्याचं खूप कौतुक चाललं होतं. पण आम्हाला पुरस्काराचं फारसं अप्रूप नव्हतं. आम्हाला आमची दिल्ली पडद्यावर बघायची होती, आणि ती दिसली. आमच्या गल्लीतली, आमच्या ऑफिसातली, अर्धं वाक्य हिंदीत, अर्धं पंजाबीत आणि शेवट इंग्रजीत करणारी दिल्ली.

त्यानंतर हा सिनेमा मी किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही. पण त्यात पंधराएक वर्षांचा खंड पडला. लग्न, पुण्याला येणं, लेकीचं बालपण. गेल्या महिन्यात लेक वसतिगृहातून सुट्टीला आली आणि जेवताना म्हणाली, "आई, तुझ्या त्या लग्नाच्या सिनेमाबद्दल लहानपणापासून ऐकतेय. दाखव ना एकदा." रात्री आम्ही दोघी गादीवर लोळत बघायला बसलो. तिला हसवणाऱ्या जागा मला पाठ होत्या. रियाच्या जागा नव्हत्या.

सिनेमाची सुरुवातच मोठी गोड आहे. ललित वर्मा, म्हणजे नसीरुद्दीन शाह, मुलीच्या लग्नासाठी उभारलेल्या फुलांच्या कमानीखाली उभा आहे आणि कमानीतला झेंडू गळून पडतोय. मांडवाचा कंत्राटदार दुबे जागेवर नाही. फोनवर तो वेळ सांगतो ती 'एक्झॅक्टली अ‍ॅप्रॉक्सिमेटली'. विजय राजने हा दुबे असा काही उभा केलाय की त्याचं ते झेंडूची फुलं खाणंसुद्धा आपल्याला ओळखीचं वाटायला लागतं. मांडवाला तो पांढरं कापड लावतो आणि ललित भडकतो, कारण आपल्याकडे पांढरा रंग कशाचा ते लहान पोरालाही ठाऊक असतं. मग रंगीत कापडाचे पैसे वेगळे, पावसापासून वाचवणाऱ्या मांडवाचे वेगळे. मुलीच्या लग्नात ज्याने कंत्राटदाराशी घासाघीस केली आहे त्याला हा माणूस नव्याने भेटत नाही.

लाजपतनगरला आमच्या घरमालकीण होत्या त्यांना सगळी गल्ली बीजी म्हणायची. फाळणी झाली तेव्हा त्या नऊ-दहा वर्षांच्या होत्या. रावळपिंडीकडच्या. फाळणीनंतर दिल्लीत सुमारे पाच लाख निर्वासित आले. त्यातले कितीतरी आधी पुराना किल्ल्यात, किंग्जवे कॅम्पात तंबूंतून राहिले आणि नंतर त्यांच्यासाठी ज्या वसाहती वसवल्या त्यातलीच एक लाजपतनगर. लहान लहान प्लॉट, त्यावर आधी एक मजला, मग मुलगा कमावता झाला की दुसरा, नातू झाला की तिसरा, आणि सगळ्यात वर माझ्यासारखी भाडेकरीण. मागे राहिलेल्या घराबद्दल सरकारकडे भरपाई मागायची, तिला सगळे 'क्लेम' म्हणत. बीजींच्या तोंडी तो शब्द इतका रुळला होता की तो इंग्रजी आहे हे त्यांना ठाऊक असेल का, अशी मला शंका यायची.

2000 सालच्या हिवाळ्यात त्यांच्या नातीचं लग्न झालं. पंजाबी लग्न आतून बघायची माझी ती पहिलीच वेळ. संध्याकाळी गच्चीवर, म्हणजे माझ्या दाराशीच, सतरंज्या अंथरल्या आणि बायका ढोलकी घेऊन बसल्या. एकजण ढोलकी वाजवत होती आणि दुसरी तिच्यासमोर बसून ढोलकीच्या लाकडावर चमच्याने ठेका धरत होती. साधा स्टीलचा चमचा. त्या टकटकीशिवाय ते गाणं पुरं होतच नाही, हे मला त्या रात्री कळलं. नवरीकडची गाणी वेगळी, नवऱ्याकडची वेगळी, आणि रात्र चढत गेली तशी गाण्यांतली थट्टाही चढत गेली. सत्तरीच्या भुआ आणि मासी पदर खोचून असल्या काही ओळी म्हणत होत्या की मी कानशिलं गरम होऊन हसत होते. सिनेमात मेंदीच्या रात्री बायका गातात, ते बघताना आजही माझ्या कानात आधी तो चमचा वाजतो.

सकाळी मामा चुडा घेऊन आला. लाल-पांढरा, ताज्या लोण्यासारखा गुळगुळीत. पाणी घातलेल्या दुधात तो भिजत ठेवला होता, आणि हातात चढेपर्यंत नवरीने तो बघायचा नसतो म्हणून तिचे डोळे ओढणीने झाकले होते. आपल्याकडे मामा भाचीला हाताला धरून अंतरपाटाशी आणतो, तिथे मामा तिच्या हातात चुडा चढवतो. मामाचं काम दोन्हीकडे एकच: पोरीला त्या उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडायचं. मला तेव्हा माझा मामा आठवला आणि मी बरसातीत जाऊन थोडी रडले.

त्याच लग्नात एक गोष्ट मी पाहिली. तिचा अर्थ लागायला मला पुढे पंचवीस वर्षं लागली. दुपारी एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, साधे, नात्याने फार जवळचे नाहीत. पण ते दारात दिसताच गुडघ्यांनी बेजार असलेल्या बीजी खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या. त्यांना पहिली खुर्ची, पहिलं ताट. मी विचारलं, हे कोण? बीजी म्हणाल्या, "पुत्तर, इसके पिताजी ने हमें मशीन दी थी." शिलाई मशीन. 1948 साली. वडील दंगलीत गेलेले, आई चार मुलं घेऊन कॅम्पात, आणि दिल्लीत आधीपासून राहणाऱ्या या नातलगाने एक शिलाई मशीन दिलं. त्यावर आईने चारही मुलं वाढवली. देणारा कधीच गेला होता. पण मशीन दिलं होतं म्हणून बावन्न वर्षांनी त्याच्या मुलासाठीही बीजी उठून उभ्या राहत होत्या. मला ते फार सुंदर वाटलं होतं. आजही वाटतं.

आणि म्हणूनच ललित वर्मा आता मला जास्त कळतो.

सिनेमा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ललितची मुलगी अदिती हिचं लग्न ह्यूस्टनहून आलेल्या हेमंतशी ठरलंय. अदितीचं तोवर तिच्या जुन्या साहेबाशी, एका लग्न झालेल्या माणसाशी प्रकरण चालू आहे. रिया ही ललितच्या वारलेल्या भावाची मुलगी, याच घरात पोटच्या पोरीसारखी वाढलेली, अजून लग्न न झालेली. तिला अमेरिकेत जाऊन लेखनाचं शिक्षण घ्यायचंय. आणि पाहुण्यांत आहे तेज पुरी. परदेशात राहणारा, श्रीमंत, मृदू बोलणारा. घरावर त्याचे जुने उपकार आहेत. तो आला की सगळ्यांचे आवाज जरा नरम होतात. रियाच्या शिक्षणाचा खर्च करायला तो तयार आहे, आणि ललितच्या डोळ्यांत केवढी कृतज्ञता!

तेजने रियाला लहानपणी काय केलंय ते घरात फक्त रियाला माहीत आहे. आणि आता तोच तेज घरातल्या छोट्या आलियाला मांडीवर घेतो, कौतुक करतो, गाडीतून फिरवायला नेतो म्हणतो.

पहिल्या खेपेला मला हे सगळं अचानक आल्यासारखं वाटलं होतं. इतक्या आनंदी सिनेमात हे कशाला, असंही एका मैत्रिणीने म्हटल्याचं अंधुक आठवतं. या वेळी मात्र मी पहिल्या दृश्यापासून रियाकडेच बघत होते. तेज घरात येतो तेव्हा ती कुठे उभी असते, गर्दीत कोणाच्या आड जाते. सगळे नमस्काराला पुढे सरसावतात आणि तिचं शरीर जरा मागे जातं, अगदी वीतभर. घरच्यांच्या ते लक्षात येत नाही, कारण घरात लग्न आहे. कुणाला मेंदीवाली आली का बघायचंय, कुणाला स्टेशनवर गाडी पाठवायचीय. डेक्लन क्विनचा कॅमेरा हातात धरलेला आहे, तो माणसांच्या मधून वाट काढत फिरतो, घरातला एखादा चुलतभाऊ व्हिडिओ काढत हिंडावा तसा. त्यामुळे आपणही त्या घरातल्या बाकीच्यांसारखेच होतो. आपल्यालाही दिसत नाही. हे दिग्दर्शिकेने जाणूनबुजून केलंय असं मला आता ठाम वाटतं. नाचगाण्याच्या भरात रियाला न बघणारे जितके वर्मा होते, तितकीच मीही होते.

हा सिनेमा अवघ्या 30 दिवसांत चित्रित झाला. मीरा नायर स्वतः पंजाबी घरातली. साड्या, दागिने, घरातल्या वस्तू यांतलं बरंच काही नातेवाइकांकडून आणलं होतं, आणि पडद्यावर ते जाणवतं. कपाटातून काढलेल्या साडीची घडी दिसते. चित्रीकरण सुरू होण्याआधी नसीरुद्दीन शाहने सगळ्यांना एकत्र बसवून कार्यशाळा घेतली होती. म्हणूनच एवढ्या माणसांत कोण कोणाचा कोण हे नीट न कळूनही ते कुटुंब आहे यावर आपला विश्वास बसतो. चित्रीकरणाच्या काही भागाची फिल्म विमानतळावरच्या एक्स-रेमुळे खराब झाली आणि ती दृश्यं पुन्हा चित्रित करावी लागली. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे लग्न दोनदा लावलं त्यांनी?"

संगीताच्या गडबडीत तेज आलियाला गाडीत बसवून नेऊ लागतो आणि रिया आडवी येते. सगळ्यांसमोर बोलते. तिथे लेकीने माझा हात धरला. तिने तो पुढे बराच वेळ सोडला नाही.

मला त्या दृश्याइतकंच त्याच्या नंतरचं छळतं. ललितचा रियावर जीव आहे, आणि तरीही तो लगेच काही करत नाही. करू शकत नाही. तो तिच्याकडे जातो, लग्नाला परत ये म्हणून अक्षरशः विनवण्या करतो. पण तेजला घराबाहेर काढेन असं वचन देत नाही. पूर्वी या जागी मी त्याच्यावर रागवायचे. आता बघताना मला बीजी आठवल्या, खुर्चीचा हात धरून उठणाऱ्या. उपकार जिथे खरा असतो, तिथे तो फेडायची ओढही खरी असते. ज्या घरांचं एका रात्रीत सगळं गेलं, त्यांनी आधार देणाऱ्याचं नाव देवासारखं जपलं, आणि त्यात गैर काही नव्हतं. पण समजा, मशीन देणाऱ्या माणसाने आणखी काही केलं असतं तर? कोण बोललं असतं? कोणत्या तोंडाने? आपल्याकडेही म्हणतातच ना, 'त्यांचं मीठ खाल्लंय.' ते मीठ मोठ्यांनी खाल्लेलं असतं आणि त्याची भरपाई एखादी लहान पोर करत असते, तीही तिला न विचारता.

फाळणीत बायकांच्या वाट्याला जे आलं त्यावर पंजाबी घरांनी किती वर्षं तोंड मिटून ठेवलं, हे दिल्लीत राहून मी थोडंफार पाहिलं. बीजी घराबद्दल बोलायच्या, आंब्याच्या झाडाबद्दल, कोठाराबद्दल. मोठ्या बहिणीबद्दल कधी नाही. तिचा फोटो होता, नाव कधी ऐकलं नाही. मी एकदा विचारलं तर त्यांनी मला आणखी एक पोळी वाढली. रियाचं गप्प राहणं त्या जुन्या गप्प राहण्याच्या शेजारी ठेवून बघावं असं मला वाटतं. सिनेमा हे सांगत नाही, ही माझी जोड आहे.

2001 साली आपल्याकडे या विषयावर बोलायला धड शब्द नव्हते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी वेगळा कायदाच नव्हता. पॉक्सो आला तो 2012 साली. त्याआधी 2007 मध्ये केंद्राच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांतल्या 12 हजारांहून जास्त मुलांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला होता, आणि अत्याचार करणाऱ्यांत जवळपास निम्मे ओळखीचे, विश्वासातले होते. हे आकडे यायच्या सहा वर्षं आधी एका लग्नाच्या सिनेमात, ढोलकीच्या आवाजात, सब्रिना धवनच्या पटकथेने हे सगळं मांडलं होतं. आणि मी ते बघून गाणी म्हणत घरी गेले होते.

ललित शेवटी करतो ते पाऊल. लग्नाच्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, तो तेजला निघून जायला सांगतो. हात जोडून. आवाज चढवत नाही. ही माझी मुलं आहेत, वेळ आली तर मी त्यांना स्वतःपासूनसुद्धा वाचवेन, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलतो. नसीरचा चेहरा त्या वेळी कसा दिसतो ते लिहून सांगता येणार नाही. आयुष्यभराची कृतज्ञता तो जणू अंगावरून सोलून काढतो. तो काही थोर माणूस नाही, हे विसरू नये. स्वतःच्या मुलाला, वरुणला, स्वयंपाक आणि नाच आवडतो म्हणून तो त्याच्यावर खेकसतो, त्याला बोर्डिंगात धाडायला निघतो. पैशांच्या ओढाताणीने तो सदा चिडलेला असतो. अशा माणसाला हे जमलं, आणि अर्धा दिवस उशिरा का होईना जमलं, म्हणून ते खरं वाटतं.

त्याआधी रात्री एक छोटं दृश्य आहे. ललित आणि पिम्मी, म्हणजे लिलेट दुबे, झोपलेल्या मुलींकडे बघत उभे असतात, आणि ललित म्हणतो की यांच्याकडे बघून कधी कधी इतकी माया दाटते की ती सोसवत नाही. मुली गाढ झोपलेल्या. आईबाप उभे. दुसरं काही घडत नाही.

तिथे मी सिनेमा थांबवला. पाणी पिते म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. कारण मला माझी आत्या आठवली.

आमच्याकडे सातारा भागात लग्नं म्हणजे चार-चार दिवस घर भरलेलं. घाणा भरण्यापासून पूजेपर्यंत. रात्री पुरुष ओसरीवर, बायका माजघरात, आणि आम्हा सगळ्या पोरीबाळींना आत्या एका खोलीत घालायची. आठ-दहा जणी, आडव्या-उभ्या, वाकळांखाली खुसखुसत. आणि आत्या स्वतः त्या खोलीच्या दारात, उंबऱ्याला लागून, आडवी चटई टाकून झोपायची. गादी नाही, उशी नाही, हाताची उशी. रात्री कुणाला लघवीला जायचं तर तिला ओलांडून जावं लागायचं. ती लगेच जागी व्हायची आणि सोबत यायची. परत आली की पुन्हा तशीच आडवी. आई म्हणायची, "वन्सं, आत या की, वारं लागतंय." ती म्हणायची, "मला दारातच झोप लागते." आम्ही हसायचो. आत्याला दारात झोप लागते, ही आमच्या घरातली एक ठरलेली गंमत होती. इतक्या वर्षांत त्या गमतीकडे मी कधी वळून पाहिलं नव्हतं.

आमच्या घरावरही एका गृहस्थांचे उपकार होते. त्यांचं नाव इथे येणार नाही. वडिलांच्या शिक्षणाला त्यांनी पैसे दिले होते. प्रत्येक कार्याला ते येत, त्यांना पहिला पाट असे, चांदीचं ताट असे. येताना आम्हा मुलांना गोळ्या आणत. आत्या त्यांच्या पाया पडायला कधी पुढे आलेली मला आठवत नाही. ती नेमकी तेव्हा चुलीशी असायची, नाहीतर आडावर.

एवढंच मला माहीत होतं. यापलीकडे काही नाही.

मी परत येऊन बसले. पुढचा सिनेमा आम्ही न बोलता पाहिला. दुबे आणि अ‍ॅलिसची गोष्ट मला या वेळी आधीपेक्षाही जास्त भिडली. मोठ्या मांडवाच्या पोटात, मोलकरीण आणि मांडववाला यांचं एक चिमुकलं प्रेम. अ‍ॅलिस मालकिणीचे दागिने आरशासमोर नुसते अंगाला लावून बघते आणि दुबेची माणसं खिडकीतून तिला चोर ठरवतात, तेव्हा तिलोत्तमा शोमच्या चेहऱ्यावरची शरम बघवत नाही. मग दुबे झेंडूच्या फुलांचं काळीज घेऊन तिच्यासमोर गुडघे टेकतो. जे झेंडू तो इतके दिवस खात होता, तेच. अदिती हेमंतला सगळं खरं सांगून टाकते, तो दुखावतो, चिडतो, आणि तरी थांबतो. हे जरा झटपट होतं असं मला नेहमी वाटत आलंय, आताही वाटलं. पण खरं बोलायची सुरुवात त्या घरात अदितीपासून होते आणि रियापर्यंत पोचते, हे मात्र या खेपेला लक्षात आलं.

शेवटी पाऊस येतो. दुबेचा मांडव पाणी अडवायला पुरत नाही. सगळे नाचतात. त्या गर्दीत रियाही असते, भिजलेली, हसणारी. पूर्वी मी तिथे टाळ्या वाजवायचे.

दिवे लावल्यावर लेक म्हणाली, "आई, तिला आधी कुणी विचारलंच नाही का गं? इतक्या वर्षांत? ती मागे मागे सरकतेय हे कुणाला दिसलं नाही?"

मी म्हटलं, "मलाही दिसलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याला फोन लावला. ती आता 81 वर्षांची आहे, कान जरा कमी झालेत, त्यामुळे मोठ्याने बोलावं लागतं, आणि असलं काही मोठ्याने कसं विचारायचं हे मला कळेना. आधी गुडघ्यांचं विचारलं, मग आंब्याच्या लोणच्याचं. मग म्हटलं, "आत्या, लग्नात आम्ही पोरी आत झोपायचो तेव्हा तू दारात का झोपायचीस?"

पलीकडून काही आवाज आला नाही. मला वाटलं फोन कटला. मग ती म्हणाली, "तुला आज कुठून आठवलं?"

"असंच. एक सिनेमा पाहिला."

"सिनेमात असतं व्हय असलं?" ती म्हणाली. पुन्हा गप्प. आणि मग हळू, इतक्या हळू की मला फोन कानाशी दाबून धरावा लागला, "मला कधी कुणी इचारलंच न्हाई गं पोरी."

मी म्हटलं, "मी विचारतेय."

त्यानंतर ती बोलली. चाळीस मिनिटं. तिने जे सांगितलं ते तिचं आहे. ते मी इथे लिहिणार नाही. मध्येच ती थांबायची आणि म्हणायची, "ऐकतीस ना?" आणि मी म्हणायचे, "ऐकतेय, आत्या." लेक दारातून आत आली, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता माझ्या पायाशी जमिनीवर बसून राहिली.